लहानानं आधी बोलायचं

आज सकाळच्या तासाला माझी जीभ घसरली. एवढंच झालं, दुसरं काही नाही. अटकेचं कलम शिकवत होते. हे कलम मला झोपेतून उठवून विचारा, सांगेन. निम्मं आयुष्य तेच शिकवत आले आहे. आणि तरी तोंडातून गेलं ते नेमकं उलटं. अटक केलेल्या माणसाला अटकेचं कारण सांगायला सरकार बांधील नाही, असं मी सांगितलं, तेही चांगलं ठणठणीत आवाजात. सांगितल्याबरोबर कळलं, आणि मी थांबले, कारण आता हात वर येतील असं वाटलं. वर्ग गच्च भरलेला होता. प्रत्येकासमोर घटनेचं पुस्तक उघडं होतं, त्यात ते कलम छापलेलं होतं, ज्याला अक्षरओळख आहे त्याला वाचता यावं इतकं सरळ. एकही हात वर आला नाही. पेनं चालत राहिली. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. म्हणून तेच वाक्य मी पुन्हा म्हटलं, या वेळी जाणूनबुजून, शब्द सुटे करून. तर त्यांनी त्याखाली रेघ मारली. मॅडमनी दोनदा सांगितलं म्हणजे परीक्षेला येणार.

मग मी पहिल्या बाकावरच्या मुलीला उठवलं. ही आमच्या वर्गातली सगळ्यात हुशार. पदक तिलाच मिळणार हे आतापासून सगळ्यांना ठाऊक आहे. "का बरं बांधील नाही?" मी विचारलं. ती क्षणभरसुद्धा अडखळली नाही. म्हणाली, "मॅडम, तपासाच्या टप्प्यावर कारण सांगितलं तर पुरावा नष्ट होऊ शकतो. शिवाय कलमाची भाषा त्या त्या काळाच्या संदर्भात वाचायला हवी." आणि हसली. उत्तर बरोबर आल्यावर मुलं हसतात तशी. ते दुसरं वाक्य माझं होतं. म्हणजे माझ्या पुस्तकातलं, आणि माझ्या पुस्तकात ते माझ्या गुरूंकडून, मोठ्या सरांकडून आलेलं. माणसाला कोंडणाऱ्याचे हात बांधावेत म्हणून सरांनी ते वाक्य घडवलं होतं, आणि ही पोर त्याच वाक्यानं कोठडीचं दार लावून घेत होती. मी घाईघाईनं म्हटलं, "अगं, चूक सांगितलं मी. कारण सांगावंच लागतं. पुस्तकात बघा ना समोर!" वर्ग एकदम सैलावला, हशा पिकला. कुणीतरी मागून म्हणालं, "मॅडम आपली परीक्षा घेत होत्या." झालं! माझी चूकसुद्धा चूक राहिली नाही. तिचीही शिकवण झाली.

मागच्या बाकावर धाकटा बसला होता. हा आमच्या विभागातला सगळ्यात नवा अध्यापक. टक्कल पडायला लागलं तरी सगळे त्याला धाकटा म्हणतात. कधी कधी माझे तास ऐकायला येऊन बसतो. मी चुकीचं वाक्य पहिल्यांदा म्हटलं तेव्हा माझी नजर मुद्दाम त्याच्याकडे गेली होती. याला तरी खटकलं असेल. तो मान डोलावत होता. जिन्यात गाठून म्हणाला, "काय युक्ती होती मॅडम! मी तर बघतच राहिलो." मी म्हटलं, "युक्ती नव्हती रे. चुकले मी." तो इतका मनापासून हसला, की मलाच क्षणभर वाटलं, असेल बाई, युक्तीच असेल.

खोलीत येऊन दार लावून घेतलं. घाबरायला काय झालंय, मी स्वतःला विचारलं. शिकवणाऱ्याची जीभ काय कधी घसरत नाही? पण भीती त्या वाक्याची नव्हती. भीती ही, की मी आणखी काय काय उलटं सांगून ठेवलं असेल, जे मला सांगताना कळलंच नाही? आज कळलं म्हणून निदान ओरडून दुरुस्त केलं. जे कळलं नाही ते कुठे गेलं असेल? माझी मुलं न्यायाधीश होतात, सरकारी वकील होतात, एक तर कायदा खात्यात मसुदे लिहिते. मी म्हटलेलं कुणीतरी रेघ मारून घेतलंय, आणि कुठल्यातरी गावात कुठल्यातरी कोठडीत कुणीतरी त्यापायी बसलंय, आणि त्याला कारणसुद्धा सांगितलेलं नाही. असं काहीबाही मनात यायला लागलं. खिडकी उघडली तर समोरच्या इमारतीच्या काचा कुणीतरी पुसत होतं. त्याच्याकडे बघत उभी राहिले. दुपारी निवड समिती होती. एक जागा, आणि मुलाखतीला बोलावलेल्यांत मला हवी असलेली एक बाई. त्याआधी मन ताळ्यावर यायला हवं होतं.

ही खोली मोठ्या सरांची. दारावर माझं नाव लागून वर्ष होत आलं, तरी शिपाईसुद्धा 'सरांच्या खोलीत चहा देऊ का' असंच विचारतो. सर गेले, पण जायला काही जागा शिल्लक ठेवली असेल तर ना. या देशात घटनेवर बोलायला तोंड उघडणारा प्रत्येक जण एकतर त्यांचा विद्यार्थी, नाहीतर त्यांच्या विद्यार्थ्याचा विद्यार्थी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की घटनेचा अर्थ माणसांबरोबर वाढतो, आणि तो वाढवायची जबाबदारी न्यायालयाची. मला ते पटतं. मनापासून पटतं, आजही पटतं. पण ते मला पटलंय की माझ्यात मुरलंय, हे आता सांगता येत नाही, आणि विचारू कुणाला? ज्यांना विचारावं तेही त्याच बरणीतले.

आणि सर काही हुकूमशहा नव्हते हो! तसे असते तर सोपं होतं. शनिवारी आम्हाला घरी बोलवायचे, चहा स्वतः करायचे, तोही पाणचट, आणि मांडी घालून म्हणायचे, "चला, मला खोडून काढा." आम्ही खोडायचो. पण कुठे खोडायचं ते सर आधीच मोकळं सोडत. यजमान पाहुण्यासाठी ताटात शेवटचा घास ठेवतो तसं एखादं कच्चं विधान मध्ये ठेवून द्यायचे, आणि आम्ही त्याच्यावर तुटून पडायचो. एकदा मी भलतीकडेच बोट ठेवलं. ते गप्प झाले, मग टाळी वाजवून म्हणाले, "वा! ही माझी खरी विद्यार्थिनी." तेव्हापासून मी विभागातली विरोधक. दर शनिवारी सरांना आवडेल असा विरोध मी घरून तयार करून न्यायचे. केस विंचरावेत तसा विंचरून. शेवटच्या दुखण्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "माझं कुठे चुकलं ते सांग." मी म्हटलं, "कुठेच नाही, सर." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. थकले असतील म्हणून मी दिवा मालवून बाहेर आले. त्या मनगटावरच्या पकडीत काय होतं ते आज जिन्यात धाकटा हसला तेव्हा कळलं. माणूस बुडताना धरतो तशी ती पकड होती.

निवड समितीचा रिवाजही सरांचाच. लहानानं आधी बोलायचं. सगळ्यात कनिष्ठ सभासद पहिल्यांदा मत देणार, मग चढत्या क्रमानं बाकीचे, आणि अध्यक्षानं सगळ्यात शेवटी फक्त होय किंवा नाही म्हणायचं, एकही शब्द जास्त नाही. का, तर मोठ्याचं ऐकून लहानानं आपलं मत गिळू नये. केवढा सुंदर नियम! दुसऱ्या विद्यापीठांनी उचलला, त्याच्यावर लेख आले. आणि आम्ही लहान होतो तेव्हा काय करायचो? सरांच्या भुवया बघायचो. उमेदवार बोलताना सर चष्मा पुसायला लागले की तो गेला. पुढे झुकले की लागला. आम्ही आधी बोलायचो, निर्भयपणे बोलायचो, आणि दर वेळी शेवटी सरांचं मत आमच्याशी जुळायचं. सर खूश होऊन म्हणायचे, "पाहा, न ठरवता एकमत!" त्यांचा त्यावर खरंच विश्वास होता, असं मला वाटतं. म्हणजे वाटायचं.

घरी आई आहे. तिच्याबद्दल कुणाशी बोलत नाही, पण सकाळपासून तीच डोळ्यांसमोर येतेय. माझी आई प्राथमिक शाळेत मास्तरीण होती आणि जन्मभर तिनं माझं एक वाक्य सरळ जाऊ दिलं नाही. मी डॉक्टरेट मिळवून आले तर म्हणाली, "एवढं लिहिलंस, पण पहिल्या पानावर श्वास लागतो गं. मध्ये पूर्णविराम द्यायला पैसे पडतात का?" पडद्याचा रंग, दुधाची उकळी, देशाचा पंतप्रधान, कशावरही ती भांडायची. मी चिडायचे, दारं आपटायचे, भावाला फोन करून म्हणायचे, "तू ने हिला तुझ्याकडे, माझं डोकं उठलंय." तो म्हणायचा, "ताई, तुझी कटकट तुलाच लखलाभ." तर ही आई गेल्या काही महिन्यांत बदलली. काही विचारलं की म्हणते, "तू म्हणशील तसं." खिडकी उघडू का? तू म्हणशील तसं. डॉक्टर म्हणाले, वयानं होतं, उलट शांत झाल्यात, चांगलं आहे. चांगलं आहे! मागच्या आठवड्यात मी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही. अजिबात नाही. तिनं पूर्ण संपवली. मी विचारलं, "कशी झालीय?" म्हणाली, "छान." मी म्हटलं, "आई, मीठ नाहीये त्यात." तर माझ्याकडे बघून, समजूत घालावी तशी म्हणाली, "तुला आवडतं ना तसं, मग झालं." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. माझी आई समोर बसलेली असताना ती गेल्यासारखी रडले.

म्हणून मला ती बाई हवी होती. दुपारच्या मुलाखतीतली. तिला मी आधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं, वाचलं होतं. एका लहानशा नियतकालिकात तिचा लेख आला होता, आणि त्यात तिनं माझ्या पुस्तकातल्या चौथ्या प्रकरणाची चामडी लोळवली होती. तिचं म्हणणं, घटनेचा अर्थ बदलायचा तर लोकांना विचारून बदला, रीतसर दुरुस्ती करा. न्यायाधीश झाले म्हणून काही मूठभर शहाण्यांनी बंद खोलीत तो बदलायचा नाही. आज तुम्हाला आवडेल असा बदलतील, उद्या नावडेल असा, तेव्हा कुणाच्या तोंडाकडे बघाल? हे जुनंच म्हणणं आहे, आमच्याकडे त्याला मागासलेलं म्हणतात आणि पुढे जातात. पण तिनं माझ्या प्रकरणातला एक दुवा धरला होता, जिथे मी दोन निकाल एकत्र बांधले होते, आणि दाखवून दिलं होतं की ती गाठच नाही, नुसता पीळ आहे. सुटतो. मी दोन दिवस घरात भांडी आपटली. कोण ही टिकोजी, कालची पोर! तिसऱ्या दिवशी मूळ निकाल काढून बसले. तिचं बरोबर होतं. आणि त्या रात्री मला अशी झोप लागली, की विचारू नका. कुणीतरी मला वाचलं होतं. ते प्रकरण वर्षानुवर्षं शिकवलं जातंय, त्याच्यावर प्रबंध झालेत, त्या गाठीला हात लावायचं एकालाही सुचलं नव्हतं. मला तिचे विचार पटत नाहीत. तिच्या हातात न्यायालय दिलं तर मला धडकीच भरेल. पण माझ्या शेजारच्या खोलीत कुणीतरी असं असावं, जे माझी चूक ऐकल्यावर लिहून घेणार नाही. बस, एवढंच.

समिती चौघांची. धाकटा, मग फौजदारबाई, म्हणजे फौजदारी कायदा शिकवणारी माझी मैत्रीण, चालते पण तशीच, मग करार कायद्याचे करारराव, जे साधा चहासुद्धा अटी घालून पितात, आणि मी. सरांच्या पश्चात मी पहिल्यांदाच अध्यक्षाच्या खुर्चीत होते. खुर्चीची पाठ उंच आहे. तिच्यात बसलं की समोरच्यांचे चेहरे जरा खाली दिसतात, हे मला माहीत नव्हतं. आधीचे उमेदवार आले नि गेले. सगळे हुशार, सगळे सरांच्या वाक्यांतून बोलणारे. एकानं तर हाताची बोटंही सरांसारखी जुळवली.

मग ती आली. साधी, उंच, खांद्यावर पुस्तकांनी फुगलेली पिशवी, आणि बसताना ती कुठे ठेवावी ते कळेना म्हणून मांडीवरच घेतलेली. तीन गावांत हंगामी नोकऱ्या केलेल्या. दर उन्हाळ्यात पुढच्या वर्षी ठेवतील का याची वाट बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांखाली असतं ते काळं तिच्या डोळ्यांखाली होतं. करारराव म्हणाले, "तुमच्या लेखनात विभागाच्या भूमिकेशी बराच... काय म्हणतात... विसंवाद दिसतो." ती म्हणाली, "विभागाला भूमिका असते का सर? माणसांना असते." फौजदारबाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता ठेवला. मग मी विचारलं. मुद्दाम त्याच चौथ्या प्रकरणाबद्दल विचारलं, जरा टोचून, सरांसारखं नाही, माझ्या आईसारखं. ती माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "नाही, मॅडम. तिथे तुमचं चुकतंय. मी लिहिलंय ते तोंडावर सांगायला कसंतरी होतंय, पण चुकतंय." तिचा आवाज थरथरत होता, आणि तरी तिनं वाक्य पुरं केलं. मला तिला उठून मिठी मारावीशी वाटली. अगं माझ्या राणी, मनात म्हटलं, ये, लवकर ये. तोंडावर मात्र काही दिसू दिलं नाही. अध्यक्षानं दिसू द्यायचं नसतं. मी खाली बघून चष्मा पुसला.

ती बाहेर गेली. दार लागलं. बाहेर बाकावर बसली असावी, कारण दाराच्या काचेत तिच्या डोक्याची सावली दिसत होती. मी म्हटलं, "रिवाजाप्रमाणे. लहानानं आधी."

धाकटा खाकरला. म्हणाला, हुशारीबद्दल प्रश्नच नाही, पण या विभागाची एक परंपरा आहे, आणि शिकवणं म्हणजे नुसता वाद घालणं नव्हे. त्याचं मत, नको. फौजदारबाई म्हणाल्या, बाई तडफदार आहे, पण मुलांचा गोंधळ उडेल. एका तासाला एक ऐकायचं, दुसऱ्याला दुसरं. नको. करारराव म्हणाले, काही अटींवर विचार करता आला असता, पण एकंदरीत पाहता, नको. तिघंही शांतपणे, नीट, कारणं देऊन बोलले. कुणी कुणाकडे बघितलं नाही. तिघंही माझ्याकडे बघत होते; माझ्या डोळ्यांकडे नाही, माझ्या हातातल्या चष्म्याकडे. तेव्हा मला तो चहा आठवला. अर्ज आले त्या दिवशी तिचं नाव वाचून मी हसत म्हटलं होतं, "हिला घेतलं तर सर वर बसून राजीनामा देतील." गंमत हो! चहाची गंमत. आम्ही चौघं खो खो हसलो होतो. तो निकाल होता. त्या दिवशीच मी निकाल देऊन बसले होते, आणि ही माणसं मी काय म्हणणार ते ओळखून, माझ्याआधी, निर्भयपणे ते बोलून मोकळी झाली होती.

आता मला एक शब्द म्हणायचा होता. होय म्हटलं असतं तर तीन विरुद्ध एक. ती पिशवी उचलून चौथ्या गावी हंगामी नोकरीला गेली असती, आणि मी या उंच पाठीच्या खुर्चीत पुढची कितीतरी वर्षं बरोबर असत राहिले असते. बाहेर सावली हलली. मी रिवाज मोडला.

"मला ती हवी आहे," मी म्हटलं. "मला तिचं म्हणणं पटत नाही, म्हणूनच हवी आहे. माझ्या पुस्तकातली चूक तिनं काढली, ती खरी आहे. मी ताडून पाहिलंय. आपल्यात एकही माणूस असा नाही. तुम्ही तिघंही पुन्हा विचार करा, आणि माझ्याशी भांडा. नको असेल तर नको म्हणा, पण मला तोंडावर म्हणा."

मला वाटलं, आता फौजदारबाई भडकतील. इतक्या वर्षांची मैत्रीण, तिला रिवाज मोडलेला खपायचा नाही. मी वाटच बघत होते, अगदी मनापासून. त्या हसल्या. म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही आतून तेच वाटत होतं. गोंधळ उडेल म्हटलं मी, पण गोंधळच हवा ना मुलांना." करारराव मान हलवत म्हणाले, "मी अटींवर म्हटलं होतं, आठवतंय ना? म्हणजे माझा मुळात विरोध नव्हताच." धाकटा तर पुढे सरकून इतकं सुरेख बोलला, विद्यापीठात परस्परविरोधी विचार एका छताखाली का असावेत यावर, की मला स्वतःला ते इतकं चांगलं मांडता आलं नसतं. त्याच्या डोळ्यांत चमक होती. तो खोटं बोलत नव्हता. तिघांपैकी कुणीच खोटं बोलत नव्हतं, आणि त्यामुळेच माझी पाचावर धारण बसली. मी म्हटलं, "अहो, पण आत्ता, माझ्या आधी, तुम्ही नको म्हणालात!" फौजदारबाई म्हणाल्या, "नको म्हणजे अगदी तसं नको नव्हे गं." मी म्हटलं, "आणि आता मी विचार बदलला तर? मीच नको म्हटलं तर?" माझा आवाज चिरका झाला होता, मला ऐकू येत होता. ते तिघं एकमेकांकडे बघून हसले, लाडानं हसावं तसे. "मॅडम, तुम्ही पण ना!" धाकटा म्हणाला. कराररावांनी नोंद केली, एकमतानं निवड. मी सही केली. सही वाकडी आली.

काहीही असो, म्हटलं, ती आली ना. कशी का येईना, आली. रस्ता घाण असेल, पण घर तर मिळालं. हे तिघं गेले खड्ड्यात. ती माझ्या शेजारच्या खोलीत बसेल आणि मला नाही म्हणेल. मी उठून स्वतः दार उघडलं. ती बाकावर बसली होती, मांडीवर माझं पुस्तक उघडं होतं. तिला आत घेतलं, बसवलं, आणि नियमाप्रमाणे सांगितलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. डोळे भरून आले, तिला लाज वाटली, ती हसली, पुन्हा पुसले. "माफ करा," म्हणाली, "फार वर्षं झाली हो." फौजदारबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही भरून आलं. सकाळपासून पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं.

सगळे उठायला लागले तशी ती माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, एक सांगायचं होतं. त्या तुमच्या चौथ्या प्रकरणावर मी जे लिहिलंय ना, माझ्या पुस्तकात ते येणार होतं. ते मी काढतेय. जरा अतिच झालं होतं माझं. परत वाचलं, तर तुमचंच बरोबर वाटलं."

"परत कधी वाचलंत?" मी विचारलं.

"आत्ताच. बाहेर बसले होते तेव्हा."

तिच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. मी शोधली, डोळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यांत. असती तर मी सुटले असते. तिला खरंच पटलं होतं. मी तिचं मनगट धरलं. माझी बोटं तिला लागली असावीत, कारण ती किंचित दचकली.

"काढू नका," मी म्हटलं. "ऐका माझं. ते बरोबर आहे. तसंच राहू द्या."

तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"बरं, मॅडम," ती म्हणाली. "नाही काढत."